खाणीतला काका

बोलिव्हियातलं ओरुरो शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचावर आहे. तिथल्या कथिलाच्या खाणीत उतरलं की बोगद्याच्या एखाद्या कोपऱ्यात एक मूर्ती बसलेली दिसते. डोक्याला शिंगं, अंग खाणीतल्याच मातीचं, डोळ्यांच्या जागी कामगारांच्या टोपीवरचे निकामी झालेले बल्ब, दात काचेचे. तोंड उघडंच, कारण त्यात पेटती सिगारेट खोचायची असते. ही मूर्ती चक्क सैतानाची! कामगार त्याला 'तिओ' म्हणतात, म्हणजे काका.

वर चर्चमध्ये कुमारी मेरी आणि खाली हा काका. एकाच माणसाला दोन्ही चालतात. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्राला हार घालतात, त्यात कृतज्ञता असते. इथे रोखठोक व्यवहार आहे. धातू काकाच्या मालकीचा, तो उचलून नेणार आपण. तेव्हा दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला कोकाची पानं, दारू आणि सिगारेट द्यायची. अपघात वाढले तर लामाचा बळी. काका उपाशी राहिला तर माणसं खातो.

१९७०च्या सुमारास जून नॅश या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ ओरुरोत येऊन राहिल्या, खाणीतही उतरल्या. त्यांच्यापुढचं कोडं मोठं मजेदार होतं. बोलिव्हियातले हे सर्वांत लढाऊ कामगार. युनियनच्या सभेत मार्क्सची भाषा बोलणारे. मग हेच लोक शिंगवाल्या मूर्तीपुढे पानं चघळत कसे बसतात? अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं होतं. नॅशबाईंनी तसं केलं नाही. काकापुढे बसलेली टोळी बोलते काय, इकडे त्यांनी कान दिला. बोलणं चालायचं ते अडचणींचं, अन्यायाचं, पुढे काय करायचं त्याचं. लष्करी राजवटीत पुढारी तुरुंगात गेले, काही परागंदा झाले, तरी जमिनीखालची ही बैठक मोडली नाही. १९७९मध्ये नॅशबाईंचं पुस्तक आलं. 'आम्ही खाणी खातो आणि खाणी आम्हाला खातात' असं त्याचं नाव, आणि ते अगदी शब्दशः खरं होतं. दगडाची धूळ छातीत साठून खाणकामगार ऐन उमेदीत मरत.

युनियन पुरुषांची, पण खाण चालायची बायकांच्या जिवावर. सिग्लो बेइन्ते या खाणवस्तीतल्या दोमितिला बारियोस दे चुंगारा पहाटे चारला उठून सालतेन्या नावाचा सारण भरलेला पदार्थ करायच्या आणि विकायच्या. एकदा त्यांनी इतर बायकांबरोबर हिशेब मांडला. धुणं, स्वयंपाक, शिवण, मुलं सांभाळणं हे सगळं पैसे मोजून करून घ्यायचं तर किती पडेल? आकडा नवऱ्याच्या पगाराच्या वर गेला! या सगळ्या कहाणीत मला हा हिशेब सर्वांत आवडतो. कुठल्याही अर्थतज्ज्ञाला न बोलावता झालेलं हे संशोधन आहे.

त्या वस्तीने १९६१मध्येच गृहिणींची समिती काढली होती. २४ जून १९६७ला, संत योहानाच्या सणाच्या पहाटे, लष्कराने याच भागात गोळीबार करून माणसं मारली. तरी वस्ती दबली नाही. डिसेंबर १९७७च्या अखेरीस खाणवस्तीतल्या चार बायका मुलांना घेऊन सरकारचं ठाणं असलेल्या ला पासला उपोषणाला बसल्या. बघता बघता उपोषणकर्ते हजाराच्या वर गेले आणि महिन्याभराच्या आत हुकूमशहा बान्सेर यांना राजकीय कैद्यांना माफी द्यावी लागली.

मग १९८५ उजाडलं आणि कथिलाचा भाव कोसळला. राष्ट्राध्यक्ष होते व्हिक्तोर पास एस्तेन्सोरो. १९५२मध्ये याच माणसाने खाणी सरकारी केल्या होत्या, आता त्यानेच २१०६० क्रमांकाचा हुकूम काढून कामगारकपातीला दार उघडून दिलं. २०,०००हून अधिक खाणकामगार घरी बसले. अनेकजण बिऱ्हाडं उचलून ला पासच्या डोक्यावरच्या एल आल्तो या शहरात गेले. संघटना बांधायची, रस्ता अडवायचा, ही सवयही सामानाबरोबर गेली.

ऑक्टोबर २००३मध्ये नैसर्गिक वायूच्या निर्यातीवरून एल आल्तो पेटलं, ला पासची नाकेबंदी झाली आणि राष्ट्राध्यक्ष गोन्सालो सांचेस दे लोसादा देश सोडून अमेरिकेला गेले. १९८५च्या त्या हुकुमाचे एक शिल्पकार तेच होते.