सायकलस्वाराचा पोशाख आणि मोटारवाल्याची नजर

आपल्या ट्रस्टच्या सभासद-कुटुंबांतून सायकलीने शाळा-कॉलेजास जाणारी मुलेमुली आजही आहेत. "उठून दिसेल असा सदरा घाल" असे आपण त्यांस बजावतो आणि निर्धास्त होतो. हा निर्धास्तपणा कितपत खरा, ते इंग्लंडात झालेल्या काही प्रयोगांच्या आधारे पाहावयाचे आम्ही योजिले आहे.

सायकलस्वार हा रस्त्यावरचा उघडा माणूस. परगावी सायकलीवरून उतरलेल्यास चहाच्या टपरीवरचा कोणीही "कुठून आलात?" म्हणून सहज विचारतो, काच वर केलेल्या मोटारवाल्याशी बोलावयास तोच गृहस्थ बिचकतो. चेहरा दिसला की ओळख नसतानाही बोलणे सुरू होते. बाथ विद्यापीठातील इयान वॉकर व मार्क ब्रॉस्नन यांचे २००७ साली प्रसिद्ध झालेले संशोधन याच गोष्टीकडे बोट दाखविते. सायकलस्वाराची छायाचित्रे पाहणाऱ्या मोटारचालकांची नजर प्रथम त्याच्या चेहऱ्याकडे गेली. वळण्यासाठी हात पसरलेला असला तरीही! तेव्हा चौकात समोरच्याकडे पाहून मान किंचित लवविणे, त्याने वाट दिल्यास हात वर करणे, यास आम्ही निव्वळ शिष्टाचार समजत नाही.

परंतु मागून येणाऱ्या मोटारीस चेहरा दिसत नाही. तिला दिसते ती पाठ, आणि पाठीवरून चालक मनाशी काही तर्क बांधतो. वॉकर यांनी २००६ साली सायकलीस अंतर मोजणारे यंत्र बसवून सॉल्सबरी व ब्रिस्टल येथे सुमारे २,३०० वाहनांची नोंद केली. डोक्यावर हेल्मेट असता वाहने सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेली. लांब केसांचा टोप घालून ते पाठमोरे स्त्रीसारखे दिसू लागले, तेव्हा त्यांस सुमारे १४ सेंटिमीटर जागा जास्त मिळाली. हेल्मेटवाला सराईत, तो डगमगणार नाही, असे चालक धरून चालत असावेत, हा त्यांचा कयास. (या प्रयोगात त्यांस एकदा बसची व एकदा ट्रकची धडक बसली. विद्येसाठी पदरचे पैसे खर्चणारे पुष्कळ. हाडे पणास लावणारे थोडे.)

एवढ्यावरून कोणी मुलांची हेल्मेटे माळ्यावर टाकू नयेत. ऑलिव्हिए व वॉल्टर या ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी २०१३ साली हेच आकडे पुन्हा तपासले. एक मीटरच्या आतून वाहन जाण्याशी हेल्मेटचा संबंध त्यांस आढळला नाही.

यापुढचा प्रयोग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. वॉकर व त्यांचे सहकारी यांनी सात निरनिराळे पोशाख घेतले व ५,६९० वाहनांची अंतरे मोजली. शर्यतवाल्याचा तंग पोशाख, झगझगीत पिवळे जाकीट, "नवशिका" असे लिहिलेला अंगरखा, यांनी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. 'पोलीस' हा शब्द आणि चित्रीकरण चालू असल्याची सूचना पाठीवर असता मात्र वाहने थोडी दूर राहिली. त्याच धर्तीवर नम्र विनंती लिहिलेल्या अंगरख्याचा काही उपयोग झाला नाही. गोड शब्दांनी न हललेले चाक दंडाच्या भयाने हलले, हे वाचून आम्हांस हसूही आले व वाईटही वाटले.

आणि पोशाख कोणताही असो, शंभरांत एकदोन वाहने ५० सेंटिमीटरच्या आतून गेलीच. मुलांच्या जिवास धोका आहे तो या एकदोघांकडून. त्यांच्यापुढे सदऱ्याचा रंग चालत नाही, हसरा चेहराही चालत नाही. म्हणून त्या अंतराचा भार मुलांच्या कपड्यांवर टाकणे आम्हांस मान्य नाही. तो चालकाने उचलावयाचा आहे. ब्रिटनच्या वाहतूक-नियमावलीत २०२२ साली तसे स्पष्ट घातले गेले: ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलस्वारास ओलांडताना निदान दीड मीटर अंतर सोडावे, वेग अधिक असल्यास त्याहून जास्त.

आपल्यापैकी पुष्कळांच्या दारी आता मोटार आहे. मोठ्या माणसाने दोन्ही हात पसरले असता जेवढी लांबी होते, त्याहून दीड मीटर थोडे कमीच भरते.