सूर्यग्रहणाचे छायाचित्रण: फिल्टर कुठे लावावा, केव्हा काढावा

ग्रहणकाळात सूर्यातून काही वेगळे, घातक किरण निघतात, ही समजूत चुकीची आहे. त्या दिवशीचा सूर्य रोजचाच असतो; एरवी त्याच्याकडे कोणी टक लावून पाहत नाही, एवढाच फरक. चंद्राने 99 टक्के बिंब झाकले तरी उरलेली कोर पूर्वीइतकीच प्रखर असते. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्याने इजा होत असताना ती कळत नाही. नजरेसमोरचा डाग किंवा धूसरपणा बहुधा काही तासांनी लक्षात येतो.

सर्वांत धोकादायक गैरसमज ग्रहणचष्म्याबद्दलचा आहे. डोळ्यांवर चष्मा असला की उघड्या कॅमेऱ्यातून किंवा दुर्बिणीतून सूर्य पाहता येतो, असे अनेकांना वाटते. चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी बनवलेला असतो. भर उन्हात डोळ्याची बाहुली 2 ते 3 मिमी उरते, तर 400 मिमीच्या एफ/5.6 भिंगाचे तोंड सुमारे 70 मिमी असते. म्हणजे भिंग डोळ्याच्या पाचशे पटींहून अधिक प्रकाश गोळा करते. हा एकवटलेला प्रकाश चष्म्याचा पडदा जाळून डोळ्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून सौर फिल्टरची जागा भिंगाच्या पुढेच, सूर्याच्या बाजूला. दुर्बिणीच्या नेत्रिकेत बसवायचे जुने फिल्टर उष्णतेने तडकतात; ते वापरूच नयेत.

मिररलेस कॅमेऱ्यात आणि मोबाइलमध्ये सूर्य पडद्यावर दिसतो, त्यामुळे डोळा वाचतो, हे खरे आहे. मात्र फिल्टर नसेल तर त्याच प्रकाशाने कॅमेऱ्याचा सेन्सर खराब होऊ शकतो. मोबाइलच्या रुंद कोनातून पटकन टिपलेल्या दृश्याने सहसा काही बिघडत नाही, पण झूम करून बराच वेळ रोखून धरायचे असेल तर त्याच्या भिंगावरही सौर फिल्टर हवा. शिवाय नेम धरताना नजर नकळत पडद्यावरून थेट सूर्याकडे जाते, आणि मोबाइल वापरणाऱ्याला खरा धोका तिथे असतो.

काळे दिसणारे प्रत्येक साधन सौर फिल्टर नसते. सौर फिल्टर प्रकाश साधारण एक लाख पटींनी कमी करतो. निसर्गचित्रणातला एनडी 1000 फक्त हजार पटींनी. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल यांवर विसंबू नये, कारण दृश्य प्रकाश मंद झाला तरी त्यांतून अवरक्त किरण निसटू शकतात. परातीतल्या हळदीच्या किंवा शेणाच्या पाण्यात सूर्य पाहण्याची रीतही सुरक्षित नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरून जेमतेम दोन टक्के प्रकाश परतला, तरी तो सौर फिल्टरमधून येणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे दोन हजार पट भरतो. फिल्टर नसेल तर सूर्याकडे पाठ करून पुठ्ठ्यातील बारीक छिद्रातून कागदावर पडलेली प्रतिमा टिपावी. झाडाच्या पानांमधील फटींतूनही जमिनीवर असंख्य कोरी उमटतात, आणि ही छायाचित्रे फार सुंदर येतात.

अंधारू लागले की एक्सपोजर वाढवावे लागते, हाही गैरसमजच. बिंबाचा उघडा भाग तेवढाच तेजस्वी असल्याने खंडग्रास अवस्थेत एकच सेटिंग जवळजवळ कायम चालते. आदल्या दिवशी फिल्टर लावून सूर्यावरच ते ठरवता येते.

फिल्टर काढता येतो तो फक्त खग्रास स्थितीत, बिंब पूर्ण झाकलेले असताना. तेव्हा प्रभाकिरीट दिसतो आणि तो फिल्टरमधून टिपताच येत नाही. कंकणाकृती ग्रहणात ही सवलत नाही: 26 डिसेंबर 2019 रोजी केरळ-तमिळनाडूत कंकण दिसले, तेव्हाही फिल्टर अखेरपर्यंत आवश्यक होता. 2 ऑगस्ट 2027 रोजी इजिप्तमधील लक्झर परिसरात खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक टिकेल, तर मुंबईतून ते ग्रहण खंडग्रासच दिसेल. त्यामुळे मुंबईत फिल्टर क्षणभरही काढता येणार नाही. लक्झरमध्ये मात्र चंद्राच्या कडेवर सूर्याचा पहिला ठिपका चमकताच नजर काढून घेऊन तो पुन्हा चढवावा लागेल.