समुद्रफुलाला तोंड असतं

सातपूरहून समुद्र गाठायचा तर आधी सह्याद्री उतरावा लागतो. इथलं पावसाचं पाणीसुद्धा त्या बाजूला जात नाही. नंदिनी आणि गोदावरीतून ते पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे निघतं. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना समुद्रफूल पहिल्यांदा भेटतं ते २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटात. मग कधीतरी सुट्टीत कोकणात जाणं होतं, ओहोटीच्या खडकांत तोच प्राणी दिसतो. कुणी काडीने टोचतं, कुणी खरवडून पाण्याच्या बाटलीत भरतं. यात दुष्टपणा नसतो, पण समोर काय आहे याची कल्पनाही नसते. म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

“ही एक समुद्री वनस्पती आहे.”

नाही, हा प्राणी आहे आणि तोही मांसाहारी. जेलीफिश, प्रवाळ आणि गोड्या पाण्यातला हायड्रा ही त्याची भावकी. जगात समुद्रफुलांच्या हजाराहून अधिक जाती आहेत. ज्या पाकळ्या वाटतात ती शुंडकं असतात आणि त्यांच्या मधोमध तोंड असतं. लहान मासे, कोळंबीसारखे जीव, पाण्यातून वाहत येणारे बारीक प्राणी शुंडकांत अडकले की तोंडाकडे ढकलले जातात. शरीराला दार एकच, त्यामुळे न पचलेलं अन्नही त्याच तोंडातून बाहेर पडतं. खाली मुळं नसतात, खडकाला घट्ट धरणारी स्नायूंची तबकडी असते. काही जातींच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात आणि सूर्यप्रकाशात तयार केलेल्या अन्नाचा वाटा यजमानाला देतात, पण तेवढ्याने समुद्रफूल झाड ठरत नाही. २००७ मध्ये नेमाटोस्टेला या छोट्या समुद्रफुलाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यातली जनुकांची मांडणी माशी किंवा गोलकृमीपेक्षा माणसासारख्या पृष्ठवंशीयांशी अधिक जुळणारी निघाली.

“हात लावला तर नुसतं चिकट लागतं.”

तो चिकटपणा म्हणजे प्रत्यक्षात दंश असतो. शुंडकांवर हजारो दंशपेशी असतात. प्रत्येकीत एक सूक्ष्म कुपी आणि कुपीत गुंडाळलेली पोकळ नळी. स्पर्श आणि शिकारीच्या अंगावरची रसायनं जाणवली की नळी उलटी होऊन बाहेर झेपावते आणि विष टोचते. हायड्राच्या दंशपेशीचा वेग जर्मन शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मोजला. स्फोटाच्या मुख्य टप्प्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागला. सजीवांच्या हालचालींत इतकी वेगवान फारच थोडी सापडतील. किनाऱ्यावरच्या बहुतेक जातींच्या नळ्या आपल्या बोटांची जाड कातडी भेदू शकत नाहीत, म्हणून आपल्याला फक्त चिकट वाटतं. मनगट, ओठ, डोळे यांच्याबाबत ही खात्री देता येत नाही आणि काही जातींचा दंश चांगलाच झोंबतो. दंश झालाच तर जागा चोळू नये, नळाच्या पाण्याने धुऊही नये. गोड्या पाण्याने त्वचेवर राहिलेल्या दंशपेशी फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवावं आणि श्वासाला त्रास होऊ लागला तर तडक डॉक्टर गाठावा.

ही यंत्रणा पाहायला सातपूरच्या मुलांना समुद्रावर जायची गरज नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हायड्रा स्वच्छ, संथ गोड्या पाण्यातल्या पाणवनस्पतींना चिकटून राहतो. पुस्तकात मुकुलायन शिकवताना ज्याची आकृती काढून घेतात तोच हा. तळ्यातल्या पाणवनस्पती त्याच पाण्यासह काचेच्या बरणीत काही तास शांत ठेवाव्यात. त्यांत हायड्रा असेल तर पानांवर किंवा काचेवर जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, शुंडकं पसरलेला धागा दिसतो. मात्र त्यासाठी तळं स्वच्छ उरायला हवं. हायड्रा जड धातूंना इतका संवेदनशील आहे की पाण्याची विषारीता तपासायला प्रयोगशाळांत त्याचा उपयोग करतात.

“ते बसलं तिथेच जन्मभर बसतं.”

तबकडीवरून समुद्रफूल सरकतं, फक्त इतकं सावकाश की उभ्या उभ्या पाहणाऱ्याला कळत नाही. स्टॉम्फिया ही थंड समुद्रातली जात तर शिकारी तारामाशाचा स्पर्श होताच खडक सोडून देते आणि अंगाला झटके देत पोहत निघून जाते. भांडणंही होतात. अँथोप्लुरा या प्रजातीतल्या जाती आपल्या किनाऱ्यावरही आहेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची त्यांची एक बहीण स्वतःचे दोन तुकडे करून वाढते. एकाच मूळ प्राण्यापासून झालेली भावंडं शेजारी सुखाने राहतात. परक्या कुळाचं समुद्रफूल टेकलं की मात्र शुंडकांखालच्या खास फुगवट्यांनी त्याला डागलं जातं. दोन जमावांच्या मधे खडकाचा उघडा पट्टा राहतो, ती त्यांची सरहद्द.

या सगळ्याला मेंदू लागत नाही, चेतापेशींचं अंगभर पसरलेलं जाळं पुरतं. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी नेमाटोस्टेलाला प्रकाश आणि विजेचा हलका धक्का एकत्र दिला. पुढे नुसता प्रकाश पडला तरी ते अंग आक्रसू लागलं. म्हणजे मेंदू नसलेला हा प्राणी शिकला.

“प्रत्येक समुद्रफुलात एक निमो असतो.”

हजाराहून अधिक जातींपैकी जेमतेम दहा जाती निमोसारख्या क्लाउनफिश माशांना आसरा देतात. भारतात ही जोडी लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात अशा प्रवाळांच्या पाण्यात दिसते. ओहोटीच्या खडकांतल्या डबक्यात निमो शोधू नये. मासा तिथे फुकट राहतो, हेही खरं नाही. शुंडकं कुरतडणाऱ्या माशांना तो हाकलतो आणि त्याच्या मलमूत्रातला अमोनिया यजमानाच्या शैवालांना खत म्हणून मिळतो. दंशापासून त्याला वाचवतं त्याच्या अंगावरचं बुळबुळीत आवरण. चित्रपटाने एक गोष्ट मात्र पूर्ण बाजूला ठेवली. हे सगळे मासे आधी नर असतात आणि गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो. निमोची आई गेल्यावर निसर्गात त्याचा बापच मादी झाला असता.

“मुंबईच्या गढूळ पाण्यात आता काय उरलंय?”

अरुण परुळेकर यांनी १९६८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबईच्या समुद्रफुलांवर लेख लिहिला. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करताना ते अंटार्क्टिकाच्या सहाव्या भारतीय मोहिमेचे नेते झाले. १९९३ मध्ये समुद्रफुलाची एक नवी जात गोव्याच्या नावाने नोंदली गेली, बुनोडोसोमा गोअनेन्स. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट लोकांना ओहोटीच्या किनाऱ्यावर नेऊन तिथले जीव दाखवतो. हाजी अलीच्या खडकांवर झोअँथिड चटईसारखे पसरलेले दिसतात. ते समुद्रफुलांचे जवळचे नातलग आहेत, समुद्रफुलं नव्हेत. प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं कवच असल्याने किनारी रस्त्याच्या कामात त्यांच्या काही वसाहती २०२० मध्ये हलवल्या गेल्या. शहराच्या पायाशी इतकं काही जगतंय आणि ते ठाऊक असलेली माणसं मूठभर आहेत, याची मला खंत वाटते.

“बाटलीत घालून घरी नेलं तर जगेल.”

ओहोटीला दिसणारा मऊ, ओला गोळा मेलेला नसतो. पाणी टिकवण्यासाठी त्याने शुंडकं आत ओढलेली असतात. काही जाती अंगाला शिंपल्यांचे तुकडे आणि वाळू चिकटवून घेतात, त्यामुळे खडकावरून चालताना पायाखाली येतात. ओढून काढलं की तबकडी फाटते. नळाचं पाणी त्याला मारक ठरतं, कारण क्षाराच्या फरकाने गोडं पाणी पेशींत शिरत राहतं. मत्स्यपेटीत समुद्रफूल जगवणं ही अनुभवी माणसालाही जड जाणारी गोष्ट आहे. उष्णता, क्षार, प्रकाश, पाण्याची हालचाल, सगळं रोज सांभाळावं लागतं.

ते सांभाळलं तर काय होतं, याची नोंदही आहे. जॉन डॅलियल या निसर्ग अभ्यासकाने १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक लाल समुद्रफूल आणलं, काचेच्या भांड्यात ठेवलं आणि त्याला समुद्राचं ताजं पाणी देत राहिला. तो १८५१ मध्ये वारला. समुद्रफूल मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात, पिल्लं देत, १८८७ पर्यंत जगलं. लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी म्हणत.

कोकणात उतराल तेव्हा ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवा. डबक्यापाशी सावली न पाडता बसलात तर मिटलेली शुंडकं हळूहळू उघडताना दिसतील. एखादा दगड उलटून पाहिलात तर तो होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवा. त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेली समुद्रफुलं उन्हात उघडी पडली की भरती यायच्या आत वाळून जाऊ शकतात.