हातांच्या भाषेत मधुमेह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मधुमेहाच्या उपचारात डॉक्टरांची भेट असते दहा मिनिटांची. बाकीचे सगळे दिवस पेशंटलाच निर्णय घ्यायचे असतात. ताटात भात किती वाढून घ्यायचा, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हातपाय थरथरले तर काय करायचं, तळपायाला फोड आला तर कधी दाखवायचं. म्हणून या आजारात शिकवणं हाच निम्मा उपचार आहे. नागपूरला हे नव्यानं सांगायला नको. टाइप १ मधुमेह असलेल्या गरीब मुलांना इन्सुलिन पुरवणारा डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट याच शहरातला, आणि संशोधन, शिक्षण व व्यवस्थापन या तिन्हींसाठी तो उभा राहिला.

अडचण अशी की आपल्याकडे हे शिक्षण कानावाटे येतं. डॉक्टर बोलतात, आहारतज्ज्ञ बोलतात, रेडिओवर तज्ज्ञांच्या मुलाखती होतात, ओपीडीच्या रांगेत शेजारी बसलेल्या मावशी आपला अनुभव सांगतात. सांकेतिक भाषेत जगणाऱ्या माणसापर्यंत यातलं फारच थोडं पोहोचतं. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. कर्णबधिर आणि मधुमेही हे दोन गट वेगवेगळे नाहीत. दोन्हींत मोडणाऱ्या माणसांबद्दल दवाखान्यांत, घरांत आणि समाजात जे गैरसमज रुजले आहेत, ते दूर व्हायला हवेत.

गैरसमज १: त्रास झाला की ते स्वतःच सांगतील.

वस्तुस्थिती: टाइप २ मधुमेह कित्येक वर्षं काहीही त्रास न देता शरीरात राहू शकतो. सारखी तहान, वारंवार लघवी, न भरणारी जखम ही लक्षणं शुगरची असू शकतात, हे आपल्याला कुणाच्या तरी बोलण्यातून कळलेलं असतं. ते बोलणंच ज्याच्यापर्यंत आलं नाही, त्यानं तपासणीला का यावं? ब्रिटनमध्ये सांकेतिक भाषा वापरणाऱ्या कर्णबधिर प्रौढांची आरोग्यतपासणी करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की या समाजात आजारांचं निदान राहून जातं आणि निदान झालेल्यांवरही पुरेसे उपचार होत नाहीत. आपल्याकडे आशाताई घरोघरी जाऊन तिशी ओलांडलेल्यांचा तपासणी अर्ज भरतात, तो प्रश्न विचारून. घरातल्या कर्णबधिर माणसाची उत्तरं दुसराच कुणी देत असेल, तर त्याची खरी माहिती अर्जात येतच नाही. अशा घरी थेट शुगर तपासावी. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आली, तर मधुमेहाची शक्यता मोठी असते आणि सहसा दुसऱ्या तपासणीनं खात्री केली जाते.

गैरसमज २: सावकाश आणि मोठ्यानं बोललं की ओठांवरून कळतं.

वस्तुस्थिती: प, ब आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पाय' आणि 'माय' म्हणून पाहा, फरक दिसणार नाही. क, ख, ग तर घशाजवळ तयार होतात, ते ओठांवर उमटतच नाहीत. 'सात' आणि 'साठ' यांतला फरक जिभेच्या टोकाच्या जागेचा, तोही तोंडाच्या आत. इन्सुलिनची मात्रा सांगताना हा गोंधळ जिवावर बेतू शकतो. त्यात डॉक्टरांच्या तोंडावर मास्क असला किंवा ते संगणकाकडे पाहत बोलत असले, तर उरलासुरला आधारही जातो. ओरडून बोललं की ओठांची ठेवण बदलते आणि वाचणं अधिकच अवघड होतं.

गैरसमज ३: मग लिहून द्यावं. शाळेत शिकलेत ना!

वस्तुस्थिती: ऐकणारं मूल शाळेत जाण्याआधीच हजारो मराठी शब्द कानानं गोळा करतं. जन्मापासून कर्णबधिर असलेल्या मुलाला ती शिदोरी मिळत नाही. त्याच्यासाठी लिखित मराठी ही वाचत वाचत शिकलेली दुसरी भाषा असते. आपल्याकडच्या अनेक शाळांनी बराच काळ बोलायला शिकवण्यावर भर दिला, त्यात विषयाचं ज्ञान मागे पडलं. उत्तम वाचणारे, लिहिणारे कर्णबधिर लोक आहेतच, त्यांना छापील माहिती जरूर द्यावी. पण 'कर्बोदकांचे सेवन मर्यादित ठेवावे' हे वाक्य ऐकू येणाऱ्यांपैकीही कितीजणांना समजतं? त्याऐवजी पोहे, भात, पोळी, भाजी, वरण यांचं प्रमाण प्रत्यक्ष ताटात दाखवलं, तर्री-पोह्यांच्या प्लेटनंतर दोन तासांनी शुगर मोजून मीटरवरचा आकडा दाखवला, तर शिकवण पक्की बसते.

आणि 'समजलं का?' असं विचारून थांबू नये. न समजताही मान डोलावली जाते, कारण पुन्हा विचारायचा संकोच असतो. 'आता तुम्ही करून दाखवा' असं म्हणावं. पेशंटनं इन्सुलिन पेनमध्ये मात्रा लावून दाखवली, गोळ्या सकाळ-संध्याकाळ वेगळ्या करून दाखवल्या, की खात्री होते.

गैरसमज ४: खाणाखुणांत इन्सुलिन कसं समजावणार?

वस्तुस्थिती: भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिचं व्याकरण मराठीची नक्कल नाही. त्यात 'काय', 'कुठे', 'कधी' हे प्रश्नशब्द साधारणपणे वाक्याच्या शेवटी येतात, आणि चेहऱ्यावरचे भावसुद्धा व्याकरणाचं काम करतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना २०१५ साली झाली. त्याच्या शब्दकोशात २०१८ मध्ये ३,००० शब्द होते, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते १०,००० झाले. त्यात वैद्यकीय शब्दही आहेत.

उलट काही गोष्टी या भाषेत अधिक स्पष्ट होतात. पेशी म्हणजे कुलूप लावलेली खोली, इन्सुलिन म्हणजे किल्ली. किल्ली नसली की साखर दाराबाहेर, म्हणजे रक्तातच साचून राहते. हे वाक्य बोलून सांगताना ऐकणाऱ्याला चित्र कल्पनेत उभं करावं लागतं. सांकेतिक भाषेत खोली, दार, किल्ली आणि बाहेर साचणारी साखर हे सारं समोरच्या जागेत दिसतं.

गैरसमज ५: घरचं कुणी सोबत असलं की दुभाष्या कशाला?

वस्तुस्थिती: घरच्यांची माया खरी असते, पण पुष्कळ घरांत रोजच्या कामापुरत्या खुणांपलीकडे सांकेतिक भाषा कुणाला येत नाही. डॉक्टर पाच मिनिटं बोलतात आणि पेशंटच्या वाट्याला येतं, 'गोड बंद.' शिवाय मधुमेहात लैंगिक समस्या, गर्भारपण, लघवीचा संसर्ग, मनाची उदासी असे विषय निघतात. दहा-बारा वर्षांच्या ऐकू येणाऱ्या मुलीनं वडिलांना हे समजावून सांगायचं का? प्रशिक्षित दुभाष्या सगळंच्या सगळं सांगतो आणि गुप्तता पाळतो. तो प्रत्यक्ष मिळाला नाही, तर व्हिडिओ कॉलवरही काम होतं. अशा वेळी डॉक्टरांनी दुभाष्याकडे न पाहता पेशंटकडे पाहून बोलावं.

गैरसमज ६: ऐकू येत नाही, म्हणजे इन्सुलिन आणि मीटर त्यांच्या हाती देणं धोक्याचं.

वस्तुस्थिती: ग्लुकोमीटरचा निकाल आकड्यात दिसतो. इन्सुलिन पेन टिकटिक वाजतं खरं, पण मात्रा खिडकीत दिसते. ती ऐकून नव्हे, पाहूनच लावायची असते. सतत शुगर मोजणाऱ्या सेन्सरचे इशारे फोनवर कंपनाच्या रूपात घेता येतात. उशीखाली ठेवायचे थरथरणारे गजर कर्णबधिर लोक वापरतातच.

धोका आहे तो माहिती न मिळण्यात. शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. हे नियम शांतपणे, तब्येत ठीक असताना शिकवून ठेवावे लागतात. शुगर उतरली की हात थरथरतात आणि मन गोंधळतं, त्यामुळे खुणाही अडखळू शकतात. अशा वेळी 'काय झालं?' म्हणून लांबलचक विचारपूस करू नये, आधी शुगर मोजावी. मीटर जवळ नसेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर साखरपाणी द्यावं. 'मदत हवी' हे बोलता येत नसलं, तरी ११२ इंडिया या ॲपवर आपत्कालीन बटण आहे. ते आधीच फोनवर घेऊन ठेवावं.

नागपूरकरांसाठी आणखी एक धडा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरात असलेलं साधारण २५ ते ३० अंशांपर्यंत सुमारे चार आठवडे टिकतं. आपल्याकडे नवतपात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा घरातली खोलीही सुरक्षित राहत नाही. फ्रिज नसेल तर एकात एक दोन मातीची मडकी ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी. आतल्या मडक्यात इन्सुलिन बाहेरच्यापेक्षा थंड राहतं. हे सांगून नव्हे, करून दाखवावं.

गैरसमज ७: डोळ्यांची आणि हातांची काळजी सगळ्यांना सारखीच.

वस्तुस्थिती: मधुमेहानं दृष्टिपटलाला इजा होते, खांदा आखडतो, बोटं अडकतात, सांधे ताठ होतात, हातापायांना मुंग्या येतात. सांकेतिक भाषेत बोलणाऱ्याचे डोळे हेच कान आणि हात हाच आवाज. त्याची दृष्टी अधू झाली तर संवादच तुटतो. म्हणून टाइप २ मध्ये निदान होताच आणि टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत दृष्टिपटल तपासून घ्यावं. पुढे डॉक्टर सांगतील तसं, बहुतेकांना दरवर्षी.

ती तपासणीही विचारपूर्वक करावी लागते. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं, खोलीत अंधार असतो. 'वर बघा, खाली बघा' याच्या स्पर्शाच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात. दवाखान्यात भरती असताना सलाइन शक्यतो कमी वापराच्या हाताला लावावं. ज्या हातानं माणूस बोलतो, तोच बांधून ठेवला तर तो दुखतंय हेही सांगू शकणार नाही.

गैरसमज ८: कानाचा आणि शुगरचा काही संबंध नाही.

वस्तुस्थिती: जन्मजात बहिरेपणामुळे सर्वसाधारणपणे मधुमेह होत नाही. मात्र मधुमेह असलेल्यांमध्ये ऐकू कमी येण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट असल्याचं २००८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. काही मोजक्या कुटुंबांत आईकडून येणाऱ्या जनुकीय दोषामुळे मधुमेह आणि बहिरेपणा दोन्ही आढळतात. आईच्या घराण्यात असं दिसत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

गैरसमज ९: अशी सोय करणं म्हणजे उपकार.

वस्तुस्थिती: तो हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २५ नुसार सरकारी रुग्णालयांच्या प्रत्येक भागात अडथळामुक्त प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य द्यायचं आहे. व्हीलचेअरसाठी उतार हवा, तसा कर्णबधिरांसाठी भाषेचा मार्ग हवा. पुकारा करून नंबर बोलावणाऱ्या ओपीडीत पडद्यावर नंबर दाखवणं, इतकी साधी सुरुवातही पुष्कळ काम करते.

नागपुरात यासाठी लागणारं सारं आहे. मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आहे, महापालिकेचे दवाखाने आहेत. शंकरनगरचं मूकबधिर विद्यालय आहे, दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवणदोषाच्या क्षेत्रात काम करते आहे. यांनी एकत्र बसून महिन्यातला एक दिवस ठरवावा. त्या दिवशी मधुमेहाच्या ओपीडीत दुभाष्या हजर असेल. सांकेतिक भाषेतले छोटे व्हिडिओ तयार करावेत, एकेका व्हिडिओत एकच विषय: शुगर मोजणं, पाय तपासणं, शुगर उतरली तर काय करायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, ज्यांनी स्वतःची शुगर आटोक्यात ठेवली आहे अशा कर्णबधिर व्यक्तींना प्रशिक्षण देऊन शिक्षक नेमावं, मानधन द्यावं. आपल्याच भाषेत, आपल्यासारखंच जगणारा माणूस सांगतो तेव्हा शंका विचारायला संकोच वाटत नाही.

१४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनी शहरात शिबिरं भरतात, व्याख्यानं होतात. आयोजकांनी येत्या वर्षी पत्रिका छापण्याआधी दुभाष्या ठरवावा, आणि कर्णबधिरांच्या संस्थांना बोलावणं धाडताना त्यांना काय शिकायचं आहे, हे आधी विचारावं.