पुलाची शिरोली : मळी, माळ व हमरस्ता

कोल्हापूर शहरापासून दोन कोसांवर, पंचगंगेच्या उत्तर तीरास, हातकणंगले तालुक्यात शिरोली नावाचे गाव आहे. सरकारी दप्तरात त्यास 'शिरोली पुलाची' असे लिहितात. लोकांच्या तोंडी तेच उलटून 'पुलाची शिरोली' असे होते. करवीर तालुक्यात 'शिरोली दुमाला' म्हणून दुसरी शिरोली आहे, आणि पूर्वेस शिरोळ तर तालुक्याचेच ठिकाण आहे. त्यामुळे नुसते 'शिरोली' असे लिहिलेला कागद कोठे जाऊन पडेल याचा नेम नसे. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करीत असता, एका कचेरीत पुलाच्या शिरोलीचा वारसनोंदीचा अर्ज तीन महिने दुमाल्याच्या गठ्ठ्यात पडून राहिलेला पाहिला आहे. अर्जदार बिचारा दर आठवड्यास हेलपाटे घालीत होता. तेव्हा गावाच्या नावामागील हे उपपद निरर्थक नव्हे, एवढे वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावे. या गावाचे जे काही बरेवाईट झाले, ते बहुतेक पुलाने व पुलावरून जाणाऱ्या रस्त्यानेच झाले आहे.

हल्ली बाहेरगावचा मनुष्य शिरोली म्हणजे कारखाने, असेच समजतो. मोटारीच्या खिडकीतून पाहणाऱ्यास धुराडी व पत्र्याची छपरे तेवढी दिसतात, ऊस दिसतो तो पळभरच. परंतु हे गाव मूळचे शेतकऱ्यांचे आहे, आणि ज्यांच्या जमिनी कोणत्याही हमरस्त्याच्या कडेस आहेत अशा आमच्या सभासदांनी त्याची हकीकत समजून घेण्याजोगी आहे.

प्रथम भूमीची ठेवण पाहू. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्यांस गुप्त सरस्वती जोडून पाचांची पंचगंगा मानितात. त्यांचा संगम कोल्हापुरानजीक प्रयाग चिखली येथे होतो. तेथून नदी शहरास वळसा घालून पूर्वेकडे वाहते व नृसिंहवाडीस कृष्णेस मिळते. या साऱ्या उपनद्या सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या पट्ट्यातून येतात, म्हणून शिरोलीत भुरभुर पाऊस असताही नदी पात्राबाहेर पडलेली असते. पूर येतो तो डोंगरातून, आणि ओसरणे अवलंबून असते ते कृष्णेवर. कोयनेचे पाणी घेऊन कृष्णा भरून वाहू लागली, म्हणजे पंचगंगेस वाट मिळत नाही व ती मागे फुगत येते. येथे पाणी चढते झपाट्याने आणि उतरते सावकाश, त्याचे कारण हेच.

नदीकडून गावाकडे व गावाकडून उत्तरेस चालू लागावे, म्हणजे जमिनीचे दोन पट्टे ओळीने लागतात. पहिला मळीचा: काळीभोर, खोल, दर पुराबरोबर नवा गाळ मिळणारी जमीन. दुसरा माळाचा: मुरमाड, उथळ, नागाव व टोपाच्या बाजूस चढत गेलेला. टोपाच्या दगडाच्या खाणी सर्वांस ठाऊक आहेत. जेथे खडक इतका वर आलेला, तेथे नांगरास काय मिळणार? गावठाण या दोहोंच्या मध्ये आहे. जुन्या लोकांनी वस्तीची जागा नदीच्या काठी न घेता थोडी मागे सरकून घेतली, यात त्यांचे शहाणपण दिसून येते.

या दोन पट्ट्यांत पूर्वी किती अंतर मानीत, हे जुन्या प्रतबंदीवरून कळते. मुंबई इलाख्यात १८४७ साली मोजणीचे जे नियम ठरले, त्यांत जमिनीच्या नऊ प्रती केल्या होत्या. उत्तम पोताची व पावणेदोन हात खोलीची जमीन १६ आण्यांची. तेथून खाली १४, १२, १०, ८, ६, साडेचार, ३ व शेवटची प्रत अवघ्या २ आण्यांची. जमिनीत चुनखडी असणे, वाळू असणे, उतार असणे, पाण्याचा लोंढा अंगावरून जाणे, असे सात दोषही ठरविलेले होते व दोषागणिक प्रत एक पायरी खाली उतरे. पुढे कोल्हापूर संस्थानातही याच धर्तीवर मोजणी झाली. अशा हिशेबात मळी वरच्या आण्यांत व माळ तळच्या आण्यांत पडावयाचा, हे सांगणे नकोच. पण त्या जुन्या मोजणीदारांनी पुराचा लोंढा हा दोष म्हणून लिहून ठेविला होता, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. मळीच्या मालकास पूर हा गाळ देणारा वाटे. मोजणीदाराच्या लेखी तो देणारा व नेणारा, असा दोन्ही होता.

घरात वाटणी होऊ लागली, की थोरल्याने मळी धरावी आणि धाकट्याच्या पदरी माळ टाकावा, असे प्रकार आम्ही दप्तरात पुष्कळ पाहिले. माळावर पावसाळी हलके पीक निघे, नाहीतर गवत व मेंढरांची चराई; मळीत ज्वारी, भाजीपाला व विहिरीच्या पाण्यावर थोडा ऊस. या मुलखात उसास तेज आले ते गुळामुळे. शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरास शाहूपुरी पेठ वसविली, तिच्यायोगे गुळाच्या व्यापारास हक्काची बाजारपेठ मिळाली आणि नदीकाठच्या गावांतून गुऱ्हाळे वाढली. पुढे कोल्हापुरातील कारागिरांनी तेलावर चालणारी एंजिने व उसाचे चरक तयार करण्याचा उद्योग आरंभिला. शिवाजी उद्यमनगर हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. एंजिन आले तशी नदीचे पाणी वर चढविण्याची सोय झाली आणि उसाने ज्वारीस हटविले. आज शिरोलीच्या माळावर ज्या ओतशाळा दिसतात, त्यांचा मूळ पुरुष शोधू गेल्यास तो शेतकऱ्याच्या विहिरीवरील एंजिनातच सापडतो. कारखान्यांस केवळ उपरे समजणाऱ्यांनी हे विसरू नये.

वस्ती या पंचक्रोशीत मिश्र आहे: मराठे, जैन, मुसलमान, धनगर, दलित व बारा बलुत्यांतील घरे. जैन शेतकऱ्यांची चिकाटी या तालुक्यात प्रसिद्ध आहे. धनगर समाजाचा ओढा तालुक्यातील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाकडे. राज्यकारभाराविषयी लिहावयाचे तर, शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. ब्रिटिश मुलखास जे साधावयास आणखी तीन तपे लागली, ते येथे आधी घडले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळे मालक झाली. या प्रत्येक तारखेस सात-बाऱ्यावरील नावे बदलली, परंतु जमिनीची पायरी बदलली नाही. मळी ती मळीच राहिली आणि माळ तो माळच.

ही पायरी उलटी केली ती कारखान्यांनी. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ सालचा. त्याअन्वये १ ऑगस्ट १९६२ रोजी जे महामंडळ स्थापन झाले, त्यास लोक एमआयडीसी या आद्याक्षरांनीच ओळखतात. कोल्हापुरातील उद्यमनगर दाटून गेले होते; भट्टीच्या धुरास व मालमोटारीस मोकळी जागा हवी होती. पुलापलीकडे दोन कोसांवर हमरस्त्यास लागून विस्तीर्ण माळ, पायास मुरूम, पुराच्या वर उंची, आणि शेताच्या दृष्टीने हलकी म्हणून किंमत कमी! याहून सोयीची जागा कोठली? ज्या गुणांमुळे माळ शेतकऱ्यास नकोसा होता, त्याच गुणांमुळे तो कारखानदारास हवासा झाला.

तेथे होणारे मुख्य काम म्हणजे बिडाचे ओतकाम. ज्यांनी ओतशाळा आतून पाहिली नाही, त्यांच्याकरिता थोडक्यात सांगतो. हव्या त्या भागाचा लाकडाचा किंवा धातूचा नमुना करितात. वाळूत बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची भुकटी व पाणी मिसळून ती नमुन्याभोवती ठोकून बसवितात. नमुना काढून घेतला म्हणजे पोकळ साचा राहतो. विजेच्या भट्टीत मोड व कच्चे लोखंड सुमारे १४०० अंशांच्या वर तापवून त्याचा रस साच्यात ओततात. थंड झाल्यावर वाळू झाडून, कंगोरे घासून, भाग यंत्रावर तासावयास पाठवितात. मोटारींचे, ट्रॅक्टरांचे व पंपांचे भाग येथून देशभर जातात. भट्टीपुढील काम उष्णतेचे व कष्टाचे असल्यामुळे बिहार, उत्तर प्रदेश व ओडिशा या प्रांतांतून आलेले मजूर त्यात पुष्कळ आहेत. गावातील शेतकऱ्यांनी त्यांच्याकरिता खोल्या बांधून भाडे घ्यावे, दूध-भाजीपाला विकावा, हाही एक नवा धंदा होऊन बसला. परप्रांतीयांबद्दल कुरकुर करणारी माणसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाडे वसूल करावयास मात्र चुकत नाहीत.

आता जमीन कशी गेली ते पाहा. या अधिनियमाच्या ३२ व्या कलमान्वये सरकार जमीनधारकास नोटीस देते, हरकती ऐकते, व राजपत्रात प्रसिद्धी होताच जमीन सर्व बोज्यांतून मुक्त होऊन सरकारजमा होते. पुढे महामंडळ भूखंड पाडून ते कारखानदारास बहुधा ९५ वर्षांच्या पट्ट्याने देते. म्हणजे कारखानदार मालक नव्हे, पट्टेदार. पण पहिला शेतकरी मात्र कायमचा बाजूस झाला. ज्या धाकट्या भावांच्या वाट्यास माळ आला होता, त्यांच्या हाती रोख पैसा आला. काहींनी त्याचा विनियोग चांगला केला; काहींचा पैसा लग्ने, मोटारी व घराचा सज्जा यांत विरला, आणि त्यांचे मुलगे आपल्याच पूर्वीच्या बांधावरील ओतशाळेत पाळीवर जाऊ लागले. याउलट ज्यांचा माळ महामंडळाच्या रेषेबाहेर पण रस्त्यालगत राहिला, ते काही न करिता श्रीमंत झाले. मळीच्या मालकास हे पाहवले नाही, तरी त्याचा ऊस उभा होता म्हणून तो गप्प राहिला.

पण मळीवरही रस्त्याची छाया पडावयाची होती. पुण्याहून बेंगळुरूस जाणारा राष्ट्रीय मार्ग येथे उत्तर-दक्षिण जातो, आणि नदी पश्चिमेकडून पूर्वेस वाहते. रस्ता पुरात बुडू नये म्हणून नदीच्या दोन्ही अंगांस मातीचा उंच भराव घातला आहे. पूर्वी नदी पात्र सोडून साऱ्या मळीवर पसरत असे. आता त्या पसरलेल्या पाण्यास पूल व थोड्या मोऱ्या एवढीच वाट. भरावाच्या पश्चिमेस, म्हणजे शिये व बावड्याच्या बाजूस, पाणी तुंबते हे समजावयास मोठे गणित नको. पाटात आडवी माती ओढून पाहावी.

कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावर पुराची पातळी मोजितात. तेथे ३९ फुटांस इशारा व ४३ फुटांस धोका मानितात. १९८९ व २००५ चे पूर जुन्यांच्या आठवणीत आहेत. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले व जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांवर. दोन्ही वेळा शिरोलीनजीक सांगली फाट्याच्या परिसरात हमरस्त्यावरच पाणी आले. २०१९ साली रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. मालमोटारींच्या रांगा उभ्या, शहरात इंधन व भाजीपाल्याची टंचाई. ज्या रस्त्यास वाचविण्याकरिता भराव घातला, तो रस्ताही वाचला नाही.

शेताची हानी याहून मुकाट झाली. ऊस हे पाण्याचे पीक म्हणून लोक निर्धास्त असतात. पण शेंडा बुडून आठ-दहा दिवस गेले, की पोंग्यात गाळ बसून तो कुजतो, कांड्यांवरील डोळे फुटून पांगशा निघतात व वजन आणि साखर दोन्ही उतरतात. पाणी चार दिवसांत उतरले तर तोच ऊस तगतो. पाणी किती चढले याइतकेच ते किती दिवस टिकले, यावर सारे अवलंबून असते. म्हणून भरावाचा प्रश्न हा मळीच्या शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे. भरावाऐवजी रस्ता खांबांवर न्यावा, ही मागणी या भागातून झाली आहे व आमच्या मते ती रास्त आहे. सारा पूर रस्त्यामुळेच येतो, असे म्हणणे मात्र खरे नव्हे. डोंगरातील पाऊस व कृष्णेचा फुगवटा हे त्याहून मोठे कारण आहे. अतिशयोक्ती केल्याने अर्जाचे वजन कमी होते, हे आम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेले आहे.

हा मार्ग सहापदरी करण्याचे काम हाती घेतलेले आहे, तेव्हा रस्त्यालगतच्या खातेदारांस दोन शब्द सांगतो. मोबदला मिळतो तो शेतात जे आहे त्याचा नव्हे, कागदावर जे सिद्ध होते त्याचा. विहीर, जलवाहिनी, फळझाडे यांची नोंद नसेल तर पंचनाम्याच्या दिवशी वाद होतो. पिकाची नोंद २०२१ पासून खातेदाराने स्वतः ई-पीक पाहणीत करावयाची आहे. ती न करिता तलाठ्यावर रुसून उपयोग नाही. मृत वडिलांचे नाव अजून सात-बाऱ्यावर असेल, तर वारसनोंद आधी करून घ्यावी; भावाभावांचा तंटा असला, की पैसा न्यायालयात जमा होऊन वर्षानुवर्षे पडून राहतो. कारखान्यातील जळकी काळी वाळू फुकट मिळते म्हणून मळीच्या खोलगटात कोणी टाकू देऊ नये. तीत कोळशाची भुकटी व चिकट द्रव्ये असतात, आणि एकदा काळ्या मातीत मिसळली म्हणजे ती वेचून काढता येत नाही. दोन मोठ्या पुरांनंतर मळीतील हद्दीचे दगड पुष्कळ ठिकाणी गाळाखाली गेले आहेत. रस्त्याची आखणी शेतात येण्यापूर्वी भूमी अभिलेखाकडे फी भरून मोजणी करून घ्यावी, व दगड वर काढून, शेजाऱ्यास समक्ष उभा करून, पुन्हा रोवावेत.