संमती कोणाची? ऊसतोडीची मुले, मोबाइल आणि कायदा

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाची उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो, म्हणून आईही जाते. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात. मार्च-एप्रिलपर्यंत आईचा आवाज मोबाइलवरच ऐकायचा. रील्सही त्याच मोबाइलवर असतात. समाजमाध्यमांविषयीची धोरणे या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून तपासली, तर त्यांतले एक गृहीतक उघडे पडते.

चिंता खरी आहे. दिवसाला तीन तासांहून अधिक काळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या किशोरांमध्ये नैराश्य व चिंतेच्या लक्षणांची जोखीम दुप्पट आढळते, याकडे अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी २०२३ मध्ये लक्ष वेधले. कारण कोणते आणि परिणाम कोणता, यावर मात्र संशोधकांत मतभेद आहेत.

भारताचा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही २०२३ चाच. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत दिली गेली. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी कंपनीने पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी, असे हा कायदा सांगतो. पालक जवळ आहेत, त्यांच्याकडे ओळखीचा डिजिटल पुरावा आहे आणि कशाला संमती देतो आहोत हे त्यांना कळते, असे यात गृहीत धरले आहे. इथे आई-वडील फडात असतात. मुलाला सांभाळते ती आजी. पण आई-वडील असताना ती आपोआप कायदेशीर पालक ठरत नाही.

याच कायद्यातील दुसरी तरतूद अधिक मोलाची वाटते. काही अपवाद वगळता मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. इथे जबाबदारी आईवर नसून कंपनीवर आहे. कसूर केल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. तरीही खाते आजोबांच्या नावाचे असेल, तर पडद्यासमोर मूल आहे हे कंपनीला कळणार कसे?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. व्हॉट्सॲपसारख्या निरोपाच्या साधनांना मात्र त्यातून वगळले. बीडसाठी हा भेद महत्त्वाचा आहे. आईशी बोलणे वेगळे आणि न संपणाऱ्या रील्स वेगळ्या.

जिथे कायदा पोहोचत नाही, तिथे गाव पोहोचू शकते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवले जातात. नियम मोठ्यांनाही लागू असल्याने मुलांना तो शिक्षा वाटत नाही. पण हाच नियम ऊसतोडीच्या गावात जसाच्या तसा आणला, तर कोपीवर परतलेल्या आईचा फोन नेमका त्याच वेळी यायचा. तिथे क्रम उलटा हवा: आधी आईच्या फोनची ठरलेली वेळ, मग मोबाइल कपाटात. वसतिगृह आणि ग्रामसभा एवढे ठरवू शकतात.

मुलाच्या हातातून मोबाइल काढून घेणे सोपे आहे. त्या सहा महिन्यांत त्याच्याजवळ दुसरे काय ठेवणार, हा प्रश्न धोरणाने आधी सोडवायला हवा.