उमेदवार, पाठीराखे आणि पुरावा : सुरतेच्या राष्ट्रसभेचा दाखला

एखाद्या पदासाठीं कोणाचें नांव निघालें म्हणजे तें नांव पुढें करणारा पक्ष, ज्याचें तें नांव आहे तो पुरुष, आणि त्या नांवाखालीं घडलेलीं कृत्यें, या तीन निरनिराळ्या गोष्टी होतात. पेशवाईचे कागद हाताळणाऱ्यांस हा भेद परिचयाचा आहे. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तेव्हां राघोबादादांचा हुकूम किती व गारद्यांचें कृत्य किती, हाच चौकशीचा मुख्य मुद्दा होता. परंतु अर्वाचीन काळाकडे वळतांच हा भेद आपल्या हातून सुटतो, आणि पाठीराख्यांवरून उमेदवाराची व अनुयायांवरून पुढाऱ्याची परीक्षा होऊं लागते. हें किती सदोष आहे तें १९०७ सालच्या सुरतेच्या राष्ट्रसभेवरून चांगलें दिसतें.

प्रथम शब्दांविषयीं. ‘जहाल’ व ‘मवाळ’ हे शब्द त्या काळच्या पक्षभांडणांतून रूढ झाले. जहाल म्हणविले गेलेले लोक स्वतःस राष्ट्रीय पक्ष म्हणत. आणि हीं विशेषणें काळाच्या मानानें बदलतात, आजचा जहाल उद्यां मवाळ ठरतो, असें टिळकांनीं १९०७ च्या आरंभीं कलकत्त्याच्या व्याख्यानांत सांगितलेंच होतें. म्हणून पुढें हे शब्द केवळ तत्कालीन संज्ञा म्हणून घेतले आहेत.

वादाचें मूळ १९०६ सालच्या कलकत्त्याच्या बैठकींत आहे. वंगभंगानंतर बंगाल्यांतील नव्या पक्षानें अध्यक्षपदासाठीं टिळकांचें नांव काढलें. तें टाळण्यासाठीं मवाळांनीं विलायतेहून दादाभाई नौरोजींना पाचारण केलें. ८१ वर्षांच्या त्या वृद्ध पुरुषास विरोध करणें कोणासच शक्य नव्हतें. त्यांचें भाषण गोखल्यांनीं वाचून दाखविलें, त्यांत स्वराज्य शब्दाचा उच्चार झाला, आणि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांविषयींचे ठराव मंजूर झाले. उमेदवार कोणा एका पक्षाचा बांधलेला नव्हता, म्हणूनच कलह एक वर्ष लांबला.

पुढील बैठक नागपुरास भरावयाची होती; तेथें दोन पक्षांत तंटा माजल्यामुळें ती सुरतेस नेण्यांत आली. सुरत मुंबई इलाख्यांतील, आणि ज्या प्रांतांत सभा भरेल तेथील गृहस्थास अध्यक्ष न करण्याचा प्रघात. म्हणजे टिळकांचें नांव आपोआप बाजूस पडलें. तेव्हां जहालांनीं लाला लजपतराय यांचें नांव पुढें केलें. मे १९०७ मध्यें १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनान्वयें लालाजींना चौकशीवांचून मंडाल्यास पाठविलें होतें, व नोव्हेंबरांत ते सुटून आले होते. त्यांस अध्यक्ष करणें म्हणजे सरकारच्या जुलमास राष्ट्रानें दिलेलें उत्तर, असा टिळकांचा कोटिक्रम. गोखल्यांनीं या सूचनेस विरोध केला. परंतु तो व्यक्तीस नव्हता. १९०५ सालीं गोखले व लालाजी एकाच कार्यासाठीं विलायतेस गेले होते, आणि लालाजींच्या हद्दपारीचा गोखल्यांनीं निषेधही केला होता. ज्या पक्षानें तें नांव निशाणासारखें उभारलें होतें, त्या पक्षाचें बळ सभेंत वाढेल व सरकारचा रोष ओढवेल, हें त्यांचें भय होतें.

स्वतः लालाजींनीं काय केलें? आपल्या नांवावरून दुही माजूं नये म्हणून वर्तमानपत्रांतून पत्र प्रसिद्ध करून त्यांनीं माघार घेतली, आणि सुरतेस समेटाची खटपट केली. म्हणून ‘जहालांचे उमेदवार लजपतराय’ एवढेंच लिहिणें अर्धसत्य होय.

मात्र माघारीनें तंटा मिटला नाहीं. कलकत्त्याचे ठराव सौम्य केले जातील ही जहालांची धास्ती कायम होती. ता. २६ डिसेंबर रोजीं रासबिहारी घोष यांच्या नांवाच्या सूचनेस सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदन देऊं लागतांच गोंगाट होऊन सभा तहकूब झाली. ता. २७ रोजीं टिळकांनीं स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांजकडे चिठ्ठी पाठविली. अनुमोदन झाल्यावर तहकुबीची सूचना मांडून आपणांस बोलावयाचें आहे, असा तिचा आशय होता. उत्तर न आल्यामुळें ते व्यासपीठावर चढले. सूचना नियमबाह्य आहे असें मवाळांचें म्हणणें. आपला हक्क डावलला असें टिळकांचें. तोंच एक दक्षिणी जोडा आला आणि सुरेंद्रनाथांस लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. मंडप अखेर पोलिसांनीं रिकामा केला.

सभा मोडल्याचा दोष बहुधा टिळकांच्या माथीं मारला गेला. परंतु सभा मोडण्यास कारण झालेला हुकूम आपणच दिला, व तो टिळकांस न विचारतां दिला, असें अरविंद घोष यांनीं पुढें लिहून ठेवलें आहे. हा एकच लेख अनुयायांचें कृत्य आणि पुढाऱ्याची संमति यांच्यामध्यें रेघ ओढतो. अर्थात् टिळकांची जबाबदारी त्यानें सर्वस्वीं फिटत नाहीं. ज्या क्षोभाच्या बळावर ते बोलत होते, तो आवरणें त्यांच्या हातीं राहिलें नव्हतें, इतकेंही त्यावरून सिद्ध होतें. या प्रसंगाची किंमत जबर पडली. १९०८ सालीं अलाहाबादेस घटना करून मवाळांनीं राष्ट्रसभेचीं दारें जहालांस बंद केलीं, तीं १९१६ सालीं लखनौस उघडलीं. घोष १९०८ सालीं मद्रासेस निर्वेध अध्यक्ष झाले, लालाजी १९२० च्या कलकत्त्याच्या जादा अधिवेशनाचे. टिळक १९१८ सालीं निवडले गेले, पण चिरोल खटल्यासाठीं विलायतेस गेल्यामुळें तें आसन त्यांस लाभलें नाहीं.

संशोधकानें अशा प्रकरणांत तीन प्रश्न विचारावे. उमेदवारानें तो पाठिंबा मागितला होता काय? मिळाल्याचें त्यास ठाऊक होतें काय? आणि ठाऊक झाल्यावर त्यानें स्वतः काय लिहिलें? मौन म्हणजे संमति नव्हे, तसेंच तें नकारही नव्हे. तें मौन म्हणूनच नोंदवावें. पक्षांचीं छापील निवेदनें सर्वत्र मिळतात. तारा, चिठ्ठ्या, ठरावांचे कच्चे मसुदे व खासगी पत्रें मात्र रद्दींत जातात. संग्राहकांनीं असे चिटोरे तारखेसह व हस्ताक्षराच्या ओळखीसह जपून ठेवावे. मोठ्या माणसांच्या नांवावरचा खोटा बोजा उतरविण्याचें, आणि खरा असल्यास तो कायम करण्याचें, साधन बहुधा तेंच असतें.